इन्सुलिनची सिरिंज चुकली: नव्या स्टाफ नर्सने त्या मिनिटापासून पुढचा महिनाभर काय करायचं

संध्याकाळची ड्युटी, मेल मेडिकल वॉर्ड. जेवणाआधीचं इन्सुलिन द्यायचंय. केस पेपरवर रेग्युलर इन्सुलिन १० युनिट, त्वचेखाली, अशी ऑर्डर आहे. फ्रिजमधून व्हायल काढली, ट्रेमधली लाल टोपीची सिरिंज घेतली, दहाच्या रेघेपर्यंत औषध भरलं आणि दिलं. व्हायल परत ठेवताना लेबलकडे नजर गेली. १०० आययू प्रति एमएल. लाल टोपीची सिरिंज ४० च्या, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट असलेल्या, इन्सुलिनसाठी असते. त्या सिरिंजवर दहाची रेघ म्हणजे पाव एमएल, आणि १०० च्या व्हायलमधल्या पाव एमएलमध्ये २५ युनिट असतात. पेशंटला अडीचपट इन्सुलिन गेलं.

आपल्याकडे दोन्ही ताकदीचं इन्सुलिन मिळतं. ४० च्या व्हायल अजून सर्रास वापरात आहेत, तर पेन आणि कार्ट्रिज १०० चे असतात, आणि काही व्हायलही १०० च्या येतात. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी. कमी उजेडात, घाईत, लाल आणि केशरीतला फरक वाटतो तेवढा ठळक राहत नाही. उलटी चूकही होते. ४० च्या व्हायलमधून केशरी सिरिंजने दहाच्या रेघेपर्यंत भरलं तर पेशंटला फक्त ४ युनिट मिळतात, साखर चढलेली राहते आणि दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टर डोस वाढवतात. ही उलटी चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग करून नुकत्याच ड्युटीला लागलेल्यांसाठी हा लेख आहे. इंटर्न डॉक्टरांनाही तो उपयोगी पडेल. इन्सुलिनचं एकच उदाहरण धरून पुढे जाते, कारण चूक झाल्यावर काय करायचं हे सर्वसाधारण भाषेत सांगितलं की ऐकायला बरं वाटतं आणि ऐन वेळी काहीच आठवत नाही.

पहिली दहा मिनिटं पेशंटजवळ

चूक लक्षात आली की पाय नर्सिंग स्टेशनकडे वळतात. व्हायल पुन्हा वाचावी, ऑर्डर पुन्हा बघावी, मैत्रिणीला हळूच विचारावं असं वाटतं. ते सगळं नंतर. आधी ग्लुकोमीटर घेऊन पेशंटजवळ जा.

बोलते करा. "काका, कसं वाटतंय? चक्कर, घाम, थरथर, खूप भूक लागल्यासारखं?" उत्तर नीट येतंय का, शब्द अडखळतायत का, कपाळाला हात लावल्यावर ओलसर लागतंय का, ते बघा. पेशंट ब्लड प्रेशरसाठी किंवा हृदयासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी घेत असेल तर साखर उतरली तरी थरथर आणि धडधड जाणवत नाही. घाम मात्र येतो, त्यामुळे अशा पेशंटमध्ये घामाला जास्त महत्त्व द्या.

साखर तपासताना बोट स्वच्छ असू द्या. नुकतंच केळं खाल्लेल्या किंवा बिस्किट चहात बुडवून खाल्लेल्या बोटातून रक्त घेतलं तर आकडा खोटा चढा येतो. स्पिरिट लावलं असेल तर ते वाळू द्या, मग टोचा.

आकडा ७० च्या खाली असेल आणि पेशंट पूर्ण शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून द्या. म्हणजे साधारण तीन चहाचे चमचे. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून ७० च्या खालीच असेल तर तेवढंच पुन्हा द्या. पेशंट गुंगीत असेल, प्रतिसाद धड देत नसेल, तर तोंडाने काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. अशा वेळी शिरेतून ग्लुकोज द्यावं लागतं. आपल्याकडे वॉर्डात बहुधा २५ टक्के डेक्स्ट्रोज असतं. त्याच्या १०० एमएलमध्ये २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. ते डॉक्टरांच्या ऑर्डरने किंवा तुमच्या हॉस्पिटलच्या लेखी प्रोटोकॉलप्रमाणे द्यायचं, आणि चांगली चालणारी शीर बघूनच, कारण ते शिरेबाहेर गेलं तर इजा करतं.

आकडा १६८ आला तर? इथेच नवी सिस्टर फसते. १६८ म्हणजे सुटलो, असं वाटतं. पण रेग्युलर इन्सुलिनचा परिणाम अर्ध्या तासाने सुरू होतो, दोन ते चार तासांत शिगेला जातो आणि सहा-आठ तास टिकतो. ७:४० ला दिलेल्या डोसचा खरा जोर रात्री दहा-साडेअकराच्या दरम्यान दिसेल, म्हणजे तुमची ड्युटी संपल्यावर. किडनी कमजोर असलेल्या पेशंटमध्ये तो आणखी लांबतो. लिस्प्रो किंवा अॅस्पार्टसारखं झटपट इन्सुलिन असेल तर सगळं लवकर घडतं, ग्लार्जिनसारखं लांब पल्ल्याचं असेल तर जवळजवळ चोवीस तासांचा प्रश्न असतो. म्हणून कुठलं इन्सुलिन गेलं हे नेमकं सांगता आलं पाहिजे.

त्यासाठी व्हायल आणि सिरिंज टाकू नका. सुई कटरमध्ये गेली तरी चालेल, पण सिरिंज आणि व्हायल एका किडनी ट्रेमध्ये बाजूला ठेवा. पेशंटचं जेवण आलं असेल तर ते लगेच सुरू करायला सांगा, आणि नातेवाइकांपैकी कुणी किंवा वॉर्डातल्या मावशी त्यांच्याजवळ बसतील असं बघा.

औषध वेगळं असेल तर ही पहिली पायरी बदलते. सलाईनमधून चुकीचं काही चालू असेल तर आधी ते बंद करा, शीर मात्र तशीच ठेवा, पुढे लागेल. पोटॅशियम क्लोराइडच्या बाबतीत तर सेकंदांचा हिशेब असतो. दहा एमएलच्या अँप्यूलमध्ये साधारण २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं, आणि ते पातळ न करता शिरेत थेट ढकललं तर हृदय बंद पडू शकतं. तिथे ड्रिप बंद करणं, मॉनिटर लावणं आणि ओरडून मदत बोलावणं एकाच वेळी करायचं.

डॉक्टरांना फोन: अर्धं सांगितलं तर काय होतं

चूक सांगताना जीभ जड होते. मग फोनवर असं बोललं जातं: "सर, बेड चौदाचे पेशंट जरा घामेघूम वाटतायत, शुगर ६२ आहे." यात खोटं काहीच नाही. पण डॉक्टर काय समजतात? पेशंट कमी जेवला असेल. ते २५ टक्के डेक्स्ट्रोज द्यायला सांगतात, वीस मिनिटांनी साखर १४० येते, सगळे निवांत होतात. शरीरात मात्र अजून २५ युनिटचा परिणाम चालू असतो. डेक्स्ट्रोजचा असर ओसरतो, आणि रात्री साडेअकराला, वॉर्डात दिवे मंद झालेले असताना, साखर पुन्हा खाली येते. त्या वेळी पेशंट झोपलाय असं सगळ्यांना वाटतं.

खरं पूर्ण सांगायचं ते यासाठी. प्रामाणिकपणा चांगला गुण आहेच, पण इथे डॉक्टरांची पुढच्या आठ तासांची ऑर्डर त्या एका वाक्यावर ठरते.

फोनवर बोलायचा क्रम ठरवून ठेवा: कोण बोलतंय, काय झालं, पेशंट कोण, आत्ता कसा आहे, तुम्हाला काय हवंय. असा:

"सर, मेल मेडिकलमधून स्टाफ बोलतेय. इन्सुलिनचा डोस जास्त गेलाय. पेशंट ६२ वर्षांचे, डायबेटिस आणि किडनीचा त्रास, बेड चौदा. ७:४० ला रेग्युलर १० युनिट द्यायचं होतं, १०० ची व्हायल आणि ४० ची सिरिंज वापरली गेली, २५ युनिट गेलंय. आत्ता शुद्धीवर आहेत, बोलतायत, घाम नाही, शुगर १६८. आयव्ही लाइन चालू आहे. जेवण सुरू केलंय. तुम्ही येऊन बघाल का, आणि शुगर किती वेळाने तपासू?"

हे बोलायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त लागत नाही. डॉक्टरांनी फोनवर ऑर्डर दिली तर ती लिहून घ्या आणि त्यांनाच वाचून दाखवा: "दर अर्ध्या तासाने शुगर, रात्री दोनपर्यंत, सत्तरच्या खाली आली तर डेक्स्ट्रोज आणि लगेच फोन. बरोबर ना सर?" आल्यावर सही घ्या. फोन उचलला गेला नाही तर दुसऱ्या डॉक्टरांना करा, आरएमओंना म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांना करा. मेसेज टाकून वाट बघू नका.

डॉक्टर चिडतील, तेही शक्य आहे. चिडू देत. त्या वेळी स्वतःची बाजू मांडू नका, वाद घालू नका, फक्त ऑर्डर घ्या. बाजू मांडायची वेळ पुढे येते.

लगेच पुढचा निरोप इन्चार्ज सिस्टरांना. सरकारी रुग्णालयात त्या परिसेविका, त्यांच्या वर अधिसेविका म्हणजे मेट्रन. रात्र असेल तर नाइट सुपरवायझर. त्यांना दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाकडून कळलं तर तुमच्यावरचा विश्वास पहिल्याच महिन्यात तुटतो, आणि तो परत मिळवायला फार काळ जातो.

इन्चार्जना एक विनंतीही करा: राउंडमधली उरलेली इंजेक्शनं दुसऱ्या कुणीतरी द्यावीत. चूक झाल्यानंतरच्या तासात हात कापत असतात, डोक्यात तेच घोळत असतं, आणि दुसरी चूक अशाच वेळी होते. यात कमीपणा काही नाही. वॉर्डात माणसं कमी असली तरी निदान इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम अशी जोखमीची औषधं तेवढ्यापुरती दुसऱ्याच्या हातात द्या.

नातेवाइकांना कोण सांगणार

नव्या नर्सने एकटीने, कॉरिडॉरमध्ये उभं राहून हे सांगू नये. उपचार करणारे डॉक्टर आणि कुणीतरी ज्येष्ठ, दोघांनी मिळून, बसवून सांगायचं. तुम्ही तिथे हजर असाल की नाही हे इन्चार्ज ठरवतील.

पण तोपर्यंत नातेवाईक विचारणारच. "सिस्टर, सारखं बोट का टोचताय?" इथे खोटं कारण देऊ नका. "नेहमीचंच आहे" म्हटलंत आणि तासाभराने डॉक्टरांनी खरं सांगितलं, तर पुढे तुमच्या कुठल्याच शब्दावर त्यांचा विश्वास बसणार नाही. एवढं बोलता येतं: "ताई, बाबांच्या इन्सुलिनच्या डोसबद्दल डॉक्टर स्वतः येऊन तुमच्याशी बोलणार आहेत. त्यांची साखर खाली जाऊ नये म्हणून मी दर अर्ध्या तासाला बघतेय. त्यांना घाम आला किंवा ते वेगळं बोलायला लागले तर मला लगेच हाक मारा." यात एकही शब्द खोटा नाही, आणि नातेवाईक तुमच्यासोबत पेशंटवर लक्ष ठेवतात.

मारहाणीची भीती खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. महाराष्ट्रात आरोग्यसेवकांवरील हिंसेविरुद्ध २०१० चा कायदा आहे, पण कायदा नंतर उपयोगी पडतो. त्या क्षणी ज्येष्ठांना आणि सिक्युरिटीला आधी सांगून ठेवणं आणि बोलणं चार भिंतींत करणं, एवढंच हातात असतं. माझं मत असं, की बहुतेक वेळा लोक भडकतात ते लपवाछपवी लक्षात आल्यावर.

लिहिणं: केस पेपर वेगळा, घटनेचा अहवाल वेगळा

केस पेपरवर फक्त घडलेलं आणि वेळ. बहुतेक ठिकाणी नोंदी इंग्रजीत करतात. भाषा कुठलीही असो, मजकूर असा हवा:

"सायं. ७:४०. रेग्युलर इन्सुलिन १० युनिट त्वचेखाली अशी ऑर्डर. १०० आययू/एमएल व्हायलमधून ४० च्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत दिलं, अंदाजे २५ युनिट. ७:४४. पेशंट शुद्धीवर, बोलतात, घाम नाही, ग्लुकोमीटर १६८. ७:४७. ड्युटी डॉक्टरांना फोनवर कळवलं. ऑर्डर वाचून दाखवून खात्री केली. ७:५०. जेवण सुरू. इन्चार्ज सिस्टरांना कळवलं."

"चुकून", "घाईगडबडीत", "स्टाफ कमी असल्यामुळे" हे शब्द इथे नकोत. कारणांची जागा अहवालात आहे. आधी "१० युनिट दिलं" असं लिहून सही करून ठेवली असेल तर त्यावर व्हाइटनर लावू नका, पान फाडू नका, गिरवू नका. एक सरळ रेघ मारा, खालचं वाचता येईल अशी, शेजारी सही, तारीख, वेळ, आणि खाली नवी नोंद. उशिरा लिहिताय तर "उशिराची नोंद" असं म्हणून लिहितानाची वेळ टाका.

कायद्याची धास्ती इथेच जास्त असते म्हणून एवढं सांगते. जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली डॉक्टरांच्या संदर्भात म्हटलं होतं, की केवळ निर्णयाची चूक किंवा अपघात म्हणजे निष्काळजीपणा ठरत नाही, आणि फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा गंभीर दर्जाचा असावा लागतो. पण खाडाखोड केलेला कागद मात्र दुसऱ्या कशानेही भरून निघत नाही. पेशंटने मागणी केली तर ७२ तासांत कागदपत्रं देण्याचं बंधन डॉक्टरांवर आहे, म्हणजे तुमची नोंद कुणीतरी कधीतरी वाचणार हे धरूनच चाला.

घटनेचा अहवाल हा वेगळा कागद. एनएबीएच (रुग्णालयांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेल्या रुग्णालयांत त्याचा छापील फॉर्म असतो आणि तो क्वालिटी विभागाकडे जातो. छोट्या नर्सिंग होममध्ये काहीच नसेल तर साध्या कागदावर इन्चार्जच्या नावे लिहा आणि तारीख टाका. औषधामुळे पेशंटला त्रास झाला असेल तर त्याची नोंद राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमातही करता येते. हा कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला आहे आणि १८००-१८०-३०२४ हा त्यांचा मोफत फोन क्रमांक. ती नोंद नर्ससुद्धा करू शकते, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं.

केस पेपरचा फोटो काढून बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर "गर्ल्स, असं झालं, काय करू?" हे मात्र कधीही नाही. पेशंटची माहिती बाहेर जाते आणि तुमचा घाबरलेला मेसेज कायमचा राहतो.

दोन दिवसांनी: चूक कुठून चालत आली

पेशंट सावरला, रात्र गेली. आता शिकायची वेळ. आणि इथे बहुतेक वॉर्डांत एका वाक्यात विषय संपवतात: "लक्ष दिलं नाही." मला हे वाक्य मान्य नाही. ते खोटं आहे म्हणून नव्हे, तर त्याचं पुढे काहीच करता येत नाही म्हणून. उद्या आणखी लक्ष देईन, परवा त्याहून जास्त देईन, आणि तिसऱ्या दिवशी चाळीस पेशंटमागे दोन सिस्टर असतील तेव्हा?

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी मार्च २००० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हेच मांडलं होतं. माणूस बदलता येत नाही, पण माणूस ज्या परिस्थितीत काम करतो ती बदलता येते. चूक करणाऱ्या शेवटच्या हातापर्यंत ती अनेक अडथळे ओलांडून आलेली असते, आणि प्रत्येक अडथळ्यात कुठेतरी फट असते.

तर कागद घ्या आणि उलट्या दिशेने चला. चुकीची सिरिंज हातात का आली? ट्रेमध्ये तीच होती. तीच का होती? वॉर्डात नेहमी ४० चं इन्सुलिन येतं, म्हणून इंडेंटमध्ये, म्हणजे भांडाराकडे पाठवायच्या मागणीपत्रात, लाल सिरिंजच मागवल्या जातात. मग १०० ची व्हायल कुठून आली? समजा त्या आठवड्यात ४० चा साठा संपला होता आणि औषध भांडारातून १०० ची दिली गेली. वॉर्डात कुणी सांगितलं का? निरोप सकाळच्या सिस्टरांना मिळाला, पण दुपारी ड्युटी बदलताना दिलेल्या चार्जमध्ये राहून गेला, कारण चार्ज देताना बेडवार पेशंट सांगतात, फ्रिजमध्ये काय बदललं ते कुणी सांगत नाही. भरताना लेबल का वाचलं गेलं नाही? ऐन वेळी शेजारच्या बेडवरून सलाईन संपल्याची हाक आली, तिकडे जाऊन परत आल्यावर काम मध्यापासून उचललं गेलं.

आता हातात पाच जागा आल्या: भांडार, इंडेंट, चार्ज, ट्रे, मध्येच आलेली हाक. तुमची नजर चुकली हे खरंच, ती सहावी. पहिल्या पाचांवर काहीतरी करता येतं. ही यादी इन्चार्जकडे न्या, पण भाषा जपा. "भांडाराची चूक आहे" म्हणत गेलात तर दार बंद होईल. "मॅडम, १०० ची व्हायल आली की सिरिंजही केशरी यायला हवी, त्यासाठी काय करता येईल?" असं विचारा.

काय बदलायचं

सगळे उपाय सारख्या ताकदीचे नसतात. "पुढे सावध राहीन" हा सगळ्यात कमजोर. भिंतीवर चिकटवलेली सूचना त्याहून किंचित बरी. महिन्याभरात ती दिसेनाशी होते. सगळ्यात भक्कम उपाय म्हणजे चूक करायची सोयच काढून टाकणं: वॉर्डात एकाच ताकदीचं इन्सुलिन ठेवायचं आणि त्याच्याच सिरिंज. ते तुमच्या हातात नसेल, तर व्हायल आणि तिच्या जुळत्या सिरिंज एकाच डब्यात, वर मोठ्या अक्षरात ४० किंवा १००. ट्रेमध्ये सुट्या सिरिंज ठेवायच्याच नाहीत. हे एका दुपारी होण्यासारखं काम आहे.

इन्सुलिनची दोघींनी तपासणी करायची असा नियम बहुतेक ठिकाणी असतो. तो पाळला कसा जातो ते बघा. एक सिस्टर सिरिंज वर धरून म्हणते, "बघ गं, दहाच आहे ना?" दुसरी हातातलं काम न सोडता मान वर करून म्हणते, "हो, दहा." ही तपासणी नव्हे. तिला दहा आकडा आधीच सांगितला गेला, म्हणून तिला दहाच दिसला. शिवाय रेघ दहाचीच होती, चूक व्हायलमध्ये होती, आणि व्हायल तर फ्रिजमध्ये परत गेली होती. खरी तपासणी अशी: दुसरी स्वतः केस पेपर उघडते, ऑर्डर मोठ्याने वाचते, व्हायल हातात घेऊन ताकद वाचते, सिरिंजच्या टोपीचा रंग आणि त्यावर छापलेला आकडा बघते, मग रेघ बघते. पहिलीने तोवर गप्प बसायचं. अर्धं मिनिट लागतं. नवीन असताना ज्येष्ठ सिस्टरांना असं करायला सांगायचा संकोच वाटतो, "सिस्टर, मला शिकायचंय, तुम्ही स्वतः वाचून बघाल का?" म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही.

पेशंटची ओळख हीही अशीच जागा. "तुम्ही पाटीलकाका ना?" असं विचारलं की कमी ऐकू येणारे आजोबा मान डोलावतात. "तुमचं पूर्ण नाव सांगा काका" असं विचारा आणि मनगटाच्या पट्टीवरचा किंवा केस पेपरवरचा आयपीडी नंबर जुळवा. बेड नंबर ही ओळख नाही. खिडकीजवळची जागा हवी म्हणून पेशंट आपापसात बेड बदलतात.

ऑर्डर लिहिण्याबद्दल: "१०U" मधलं शेवटचं अक्षर शून्यासारखं दिसून १०० वाचलं जातं. म्हणून युनिट हा शब्द पूर्ण लिहायचा. ०.५ लिहिताना पुढचं शून्य हवंच, आणि १ ला १.० लिहू नका. डॉक्टरांनी अर्धवट लिहिलं असेल तर अंदाजाने देऊ नका, विचारा.

औषध भरताना हाक आली तर? जीव धोक्यात असेल तर अर्थातच धावा. पण परत आल्यावर अर्धवट भरलेली सिरिंज टाकून द्या आणि लेबल वाचण्यापासून पुन्हा सुरू करा. एक सिरिंज वाया जाते, जाऊ द्या.

चूक स्वतःच्या अंगावर येते तेव्हा: सुई टोचणं

पेशंटला झालेली चूक निदान दिसते. स्वतःला टोचलेली सुई नवे लोक लपवतात, आणि ते जास्त वाईट. वापरलेल्या सुईला दोन्ही हातांनी टोपण लावायला जाणं हे याचं नेहमीचं कारण. टोपण लावूच नका. सुई तिथल्या तिथे कटरमध्ये, आणि धारदार वस्तूंसाठी २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे असणाऱ्या पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात.

टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. बोट पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा ब्लीच चोळू नका. मग लगेच सांगा. एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवीत, आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. ती २८ दिवस घ्यायची असतात. म्हणजे "सकाळी सांगू, आत्ता रात्री कुणाला उठवायचं" यात सगळ्यात मोलाचे तास जातात. पेशंटचा रिपोर्ट काय आहे याची वाट बघत पहिला डोस थांबवायचा नसतो.

धोका किती? एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचल्यास लागण साधारण हजारात तिघांना होते. हिपॅटायटिस बीचा धोका, लस घेतली नसेल तर, त्याच्या कितीतरी पट, शंभरात तीसपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे ड्युटीला लागायच्या आधी बी ची लस पूर्ण करा: पहिला डोस, एक महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडीची पातळी तपासून घ्या. ती १० च्या वर असावी लागते. रिपोर्ट जपून ठेवा. टोचल्यानंतरची एचआयव्ही तपासणी लगेच, सहा आठवड्यांनी, तीन आणि सहा महिन्यांनी. लगेचची तपासणी टाळू नका, कारण आधी लागण नव्हती हे तीच दाखवते.

रात्री झोप येत नसेल तर

पेशंट बरा होऊन घरी गेला तरी तुम्हाला ते आठवडाभर आठवत राहील. फ्रिज उघडताना छातीत धडधडेल, नोकरी सोडावीशी वाटेल. अमेरिकेतले डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली अशा वेळी काम करणाऱ्यालाही दुखापत होते हे लिहिलं, आणि तेव्हापासून जगभर यावर बोललं जातं. आपल्याकडे अजून कमी बोललं जातं. विश्वासातल्या एका ज्येष्ठ व्यक्तीशी बोला, पेशंटचं नाव न घेता. झोप, जेवण, रडू यांवर ताबा राहत नसेल तर टेली-मानसच्या १४४१६ वर फोन करा, तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात आलं तर हा फोन त्याच रात्री करा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

हे वाचणाऱ्या इन्चार्ज सिस्टरांना कळकळीची विनंती. मुलीने स्वतःहून येऊन सांगितलं तर तिला पेशंटसमोर, मावशींसमोर बोलू नका. आत घेऊन विचारा, आधी पेशंट कसा आहे, मग तू कशी आहेस. ओरडलात तर ती चूक करायची थांबणार नाही, सांगायची थांबेल. आणि तिच्या बॅचच्या बाकीच्या मुलीही.

महिन्याने

बदल टिकलाय का ते बघा. एखाद्या रविवारी, गर्दी कमी असताना, फ्रिज उघडा. व्हायल आणि सिरिंज अजून एकाच डब्यात आहेत का, की कुणीतरी जागा कमी पडते म्हणून सिरिंज पुन्हा ट्रेमध्ये टाकल्या? चार्ज देताना "फ्रिजमध्ये काय बदललं" हे वाक्य बोललं जातंय का? दोघींची तपासणी खरी होते की पुन्हा "हो, दहा" वर आली? डबा मोडला असेल तर पुन्हा लावा आणि का मोडला ते विचारा. कदाचित डबाच मोठा होता, छोटा आणावा लागेल. नवीन बॅच जॉइन होईल तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना लाल आणि केशरी टोपीच्या दोन सिरिंज शेजारी शेजारी दाखवा, दोन्हींत दहाच्या रेघेपर्यंत पाणी भरायला सांगा, आणि दोन्हींतलं पाणी साध्या एक एमएलच्या सिरिंजमध्ये ओढून मोजायला सांगा. एकीत ०.२५ येईल, दुसरीत ०.१.